शिक्षक शिकतो कुठे?

(कपिलधार येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



संत मन्मथस्वामींच्या समाधीच्या या जागी शिकण्या-शिकवण्याविषयी बोलायला मिळणे हा मी माझा मान समजते. स्वामींनी ‘परमरहस्य’ मराठीत आणले आणि शास्त्रातला विषय साध्या माणसाच्या कानापर्यंत पोचवला. कळलेली गोष्ट दुसऱ्याला कशी कळेल, याची तळमळ या डोंगराला नवी नाही. आणि ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, ते तर आयुष्यभर शिक्षक होते. म्हणून आज मुलांच्या शिकण्यापेक्षा शिक्षकाच्या शिकण्याविषयी बोलावे असे मी ठरवले.

आपल्या शाळांत आता टीव्ही आहे, प्रोजेक्टर आहे, कुठे टॅब आहेत. काहीच नसेल तिथे शिक्षकाच्या खिशात फोन आहे. या वस्तू शाळेत आल्या. त्या शिकवण्यात कधी येतात? आणि त्या शिकवण्यात कशा आणायच्या, हे शिक्षक शिकतो कुठे? प्रशिक्षणाच्या हॉलमध्ये? पुस्तकात? व्हिडिओ बघून? या एका प्रश्नाभोवती मी चार मुद्दे मांडणार आहे.

पहिला मुद्दा इतिहासाचा. यंत्र आधी येते आणि शिक्षकाची आठवण नंतर होते, असे शंभर वर्षे चालले आहे.

१९१३ साली थॉमस एडिसनने भाकीत केले होते की चलच्चित्रांमुळे शाळेतली पुस्तके लवकरच कालबाह्य होतील. पुढे हीच आशा रेडिओकडून धरली गेली, मग टीव्हीकडून, मग संगणकाकडून. अमेरिकेतले शिक्षण-इतिहासकार लॅरी क्यूबन यांनी १९८६ साली या सगळ्याचा मागोवा घेतला. त्यांना प्रत्येक वेळी तोच क्रम दिसला. आधी मोठी आश्वासने. मग यंत्रांची खरेदी. मग पाहणी, आणि पाहणीत असे निघते की यंत्र फारसे वापरलेच जात नाही. आणि शेवटी दोष शिक्षकाला.

आपल्याकडे काय झाले? पुण्यात १९८४ साली बालचित्रवाणी सुरू झाली. मराठी मुलांसाठी, त्यांच्या भाषेत, त्यांच्या अभ्यासक्रमाशी जोडलेले कार्यक्रम तिने केले. फार चांगले काम होते ते. २०१७ साली ती संस्था बंद झाली. इथे बसलेल्या ज्येष्ठ शिक्षकांना आठवत असेल, कार्यक्रमाची वेळ ठरलेली असायची, आपला तास वेगळाच असायचा, आणि टीव्ही कुलपात असायचा. कार्यक्रम लागण्यापूर्वी वर्गात काय बोलायचे, संपल्यावर काय विचारायचे, याचा विचार शिक्षकासोबत बसून कोणी केला होता का?

२००१ साली एमएससीआयटी हा संगणक-साक्षरतेचा अभ्यासक्रम आला. गावोगाव संगणकाची केंद्रे उघडली. हजारो शिक्षकांनी पहिल्यांदा माऊस हातात धरला तो तिथेच, आणि संगणकाची भीती मोडली. हे ऋण मी मानते. पण तिथे आपण पत्र टाइप करायला शिकलो, तक्ता करायला शिकलो. अपूर्णांक न कळणाऱ्या मुलापुढे त्या संगणकाचे काय करायचे, हा त्या अभ्यासक्रमाचा विषयच नव्हता. तो विषय नंतर तरी कुणी हाती घेतला का?

२००७ साली रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात खैराट-धनगरवाडा या छोट्या वस्तीवर प्रत्येक मुलाच्या हातात लॅपटॉप आला. ‘मुलागणिक एक लॅपटॉप’ या जगभर गाजलेल्या मोहिमेतला तो भारतातला पहिला प्रयोग. शाळा एकशिक्षकी. तिथे सुरुवातीच्या काळात प्रकल्पाची माणसे त्या एकट्या शिक्षकासोबत वर्गात बसली, हे लक्षात ठेवा. कारण हीच मोहीम पेरू देशात लाखो लॅपटॉपांची झाली, तेव्हा प्रत्येक शिक्षकासोबत असे कोण बसणार होते? पेरूतल्या ३१९ ग्रामीण शाळांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. मुलांकडे संगणक आले होते, मुले ते वापरतही होती. पण गणितात आणि भाषेत त्यांची प्रगती झाल्याचा पुरावा मिळाला नाही.

आता याच इतिहासातला एक उजळ प्रसंग सांगते. तो शाळेतला नाही, शेतातला आहे, आणि आपल्याच महाराष्ट्रातला आहे. १९५६ साली पुणे आकाशवाणीने पाच मराठी जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत श्रोतृमंडळे उभी केली. युनेस्कोची मदत होती, आणि परिणामांची तपासणी टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसने केली. मंडळातले शेतकरी आठवड्यातून दोनदा एकत्र बसून अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकत. ऐकून झाले की उठून जायचे नाही. चर्चा करायची, आपल्या गावात यातले काय जमेल ते ठरवायचे आणि आपले प्रश्न आकाशवाणीला कळवायचे. असे वीस कार्यक्रम झाले. निष्कर्ष काय निघाला? ज्या गावांत मंडळ होते, तिथे लोकांची माहिती खूप वाढली. ज्या गावांत नुसता रेडिओ होता आणि मंडळ नव्हते, तिथे फारसा फरक पडला नाही.

रेडिओ तोच. कार्यक्रम तोच. फरक पडला तो ऐकल्यानंतरच्या बोलण्याने. सत्तर वर्षांपूर्वी आपल्या शेतकऱ्यांनी जे दाखवून दिले, ते आपण शिक्षकांच्या बाबतीत अजून अमलात आणलेले नाही.

दुसरा मुद्दा. शिक्षकाने शिकायचे ते नेमके काय?

बटणे शिकायची, असे उत्तर पुष्कळदा मिळते. बटणे दोन दिवसांत येतात. घरातले लेकरूही शिकवते. खरे शिकणे त्याच्या पुढे आहे. ते दाखवण्यासाठी मी आपल्याच बीड जिल्ह्यातला एक पाठ घेते.

आपल्या पाटोदा तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगरात, दोन नद्या उगम पावतात. सिंदफणा माजलगाव तालुक्यात मंजरथजवळ गोदावरीला मिळते. मांजरा दुसरीकडे निघते, लातूर ओलांडते, बीदरवरून तेलंगणात शिरते, तिथे उत्तरेला वळते आणि कंदकुर्तीजवळ पुन्हा त्याच गोदावरीला मिळते. एका तालुक्यातल्या दोन नद्या एकाच नदीला मिळतात, पण शेकडो किलोमीटरच्या अंतराने! का? मध्ये जलविभाजक आहे. डोंगराच्या धारेवर पडलेले पाणी इकडे उतरले तर सिंदफणेत, तिकडे उतरले तर मांजरेत.

हा पाठ दोन वर्गांत चालला आहे असे समजा. पहिल्या वर्गात शिक्षक नदीप्रणालीवरचा तयार व्हिडिओ लावतात. चित्रे सुरेख, आवाज गोड. मुले शांत बसतात. व्हिडिओ संपतो, पाठ संपतो.

दुसऱ्या वर्गातल्या बाईंना एक गोष्ट अनुभवाने ठाऊक आहे. मुलांच्या मनात असते की नकाशातली वरची बाजू उंच आणि खालची बाजू सखल. त्यामुळे सगळ्या नद्या उत्तरेकडून दक्षिणेकडेच वाहणार, असे मुलांना वाटते. मग मांजरा उत्तरेला कशी वळेल? बाई आधी मुलांना अंगणात नेतात. मातीचा लांबट ढीग करतात, माथ्यावर तांब्याने पाणी सोडतात. पाणी दोन बाजूंना फाकते. मग वर्गात येऊन फोनवरचा उपग्रह-नकाशा पडद्यावर घेतात. नकाशा आडवा करतात, तिरपा करतात, फिरवतात. डोंगर उभे राहतात, दऱ्या दिसतात. आणि बाई थांबून विचारतात, “इथे पडलेला थेंब कुठे जाईल? आधी वहीत लिहा. मग आपण त्याच्या मागे जाऊ.” मुले लिहितात, वाद घालतात, आणि मग नदीच्या काठाने बोट फिरवत तेलंगणापर्यंत जातात.

दुसऱ्या वर्गात यंत्र थोडाच वेळ चालले. पण त्या थोड्या वेळात त्याने असे एक काम केले, जे फळ्यावरच्या सपाट नकाशाला करता आले नसते. नकाशा तिरपा झाला आणि ‘वर म्हणजे उंच’ हा समज गळून पडला.

या बाईंना काय येत होते? त्यांना जलविभाजक नीट कळला होता. मूल कुठे चुकते ते माहीत होते. आणि त्या नेमक्या चुकीवर कोणते साधन लागू पडेल, हे कळत होते. ली शुलमन या अभ्यासकाने १९८६ साली सांगितले की विषय येणे वेगळे आणि तो विषय शिकवता येण्यासाठी लागणारे खास ज्ञान वेगळे. वीस वर्षांनी, २००६ साली, पुण्या मिश्रा आणि मॅथ्यू केलर यांनी त्यात तंत्रज्ञानाची जोड दिली. विषय, शिकवण्याची रीत आणि साधन ही तिन्ही जिथे एकमेकांत मिसळतात, तिथे शिक्षकाचे खरे ज्ञान असते, असे त्यांनी मांडले. आणि म्हणूनच साधन एकटे काढून शिकवता येत नाही. ते कोणत्या पाठासाठी, हे विचारल्याशिवाय त्याचे प्रशिक्षण होऊच शकत नाही. शंभर शिक्षक हॉलमध्ये बसवून ‘अॅपची ओळख’ करून दिली, तर त्यांना अॅपची ओळख होते. पाठ तिथला तिथेच राहतो.

तिसरा मुद्दा माझ्या शीर्षकातलाच. मग शिक्षक शिकतो कुठे?

ज्यांनी हे करून दाखवले त्यांच्याकडे पाहू. सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यात परितेवाडी नावाची छोटी वस्ती आहे. तिथल्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी क्यूआर कोडमुळे जगाला माहीत झाले. डिसेंबर २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले, दहा लाख डॉलरचे, आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून टाकली. हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण क्यूआर कोडच्या आधी काय होते, ते कमी सांगितले जाते. तिथल्या मुलींची घरची भाषा कानडी होती, आणि पुस्तक त्यांच्या भाषेत नव्हते. गुरुजी आधी ती भाषा शिकले. मग पुस्तकातला मजकूर मुलींना कळेल असा केला. मग त्या मजकुराला आवाज, चित्र, गोष्ट जोडायची गरज पडली, आणि त्या गरजेपोटी तो काळा-पांढरा चौकोन पुस्तकात आला. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत तो सर्वांसाठी आला.

आज बालभारतीचे कुठलेही पुस्तक उघडा, कोड आहे. कोड सर्वांपर्यंत पोचला. प्रश्न असा आहे : मुलींची भाषा शिकण्यापासून निघालेला तो विचार सर्वांपर्यंत पोचला का?

ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यात पष्टेपाडा आहे. त्या आदिवासी पाड्यावर संदीप गुंड गुरुजींनी कमी खर्चात डिजिटल वर्ग उभा केला. साताऱ्यात कुमठे बीट आहे. तिथल्या शिक्षकांनी आणि विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी मिळून ज्ञानरचनावादी वर्ग घडवले. २०१५ साली ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आला आणि राज्यभरातले शिक्षक स्वतः प्रवास करून ही ठिकाणे बघायला जाऊ लागले. आपल्या बीडचेही गेले. शिक्षकाने शिक्षकाचा चालू वर्ग बघायचा, मुलांशी बोलायचे, परतताना गाडीत आपसांत वाद घालायचा, हे प्रशिक्षणाच्या हॉलमध्ये कधी घडले नव्हते. त्या काळात कितीतरी शिक्षक आपणहून तंत्रस्नेही झाले, लोकवर्गणीतून शाळा डिजिटल झाल्या.

पण त्याच अनुभवाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. काही शाळांत कुमठ्याच्या वर्गांतली फरशीवरची आखणी आली, कुमठ्याचा विचार आला नाही. पष्टेपाड्यासारखा पडदा लागला, पण पडद्यावर नुसत्या कविता वाजत राहिल्या. एकदा बघून येणे पुरत नाही. ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स या अमेरिकी अभ्यासकांनी शिक्षक-प्रशिक्षणावर वर्षानुवर्षे काम केले. त्यांचे सांगणे असे : व्याख्यान ऐकून शिक्षकाला गोष्ट समजते, प्रात्यक्षिक बघून पटते, सरावाने थोडी जमू लागते. पण ती रोजच्या वर्गात उतरते तेव्हाच, जेव्हा एखादा सहकारी त्याच्या वर्गात येऊन बसतो, पाहतो, आणि नंतर त्याच्याशी बोलतो. डी.एड.ला आपण सराव पाठ घेत होतो तेव्हा मागच्या बाकावर निरीक्षक असायचे. नोकरी लागली आणि तो बाक रिकामा झाला. आता वर्गात कोणी आले तर ते तपासायला येते. सोबत शिकायला कोणी येत नाही.

कोरोनाच्या काळात काय झाले ते आठवा. २०२० साली शाळा बंद झाल्या. काही महिन्यांत आपण जेवढे शिकलो तेवढे कित्येक वर्षांत शिकलो नव्हतो. कोणी शिकवले? शेजारच्या शाळेतल्या मॅडमनी, व्हॉट्सअॅप गटावरच्या सरांनी, रात्री फोन करून. गरज खरी होती, मुले आपली होती आणि सोबती जवळ होता. या तीन गोष्टी जुळल्या म्हणून आपण शिकलो. त्याच वर्षी सोलापुरात नीलमनगर भागातल्या शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर धडे रंगवले, कारण पुष्कळ घरांत स्मार्टफोन नव्हता. सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ मालिका लागली आणि घरातल्या वस्तूंतून, घरच्या माणसांसोबत मुले शिकू लागली. फोन, टीव्ही, भिंत. माझ्या मुलापर्यंत जे पोचते, ते साधन. अवघड काळात आपल्या शिक्षकांना हे उमगले होते. शाळा उघडल्या आणि आपण ते विसरत चाललो आहोत.

म्हणून माझे उत्तर असे आहे. शिक्षक शिकतो स्वतःच्या वर्गात. शिक्षक शिकतो स्वतःच्या पाठावर. आणि शिक्षक शिकतो सोबत्याबरोबर. बाकी सगळी प्रशिक्षणे, दीक्षा पोर्टलवरचे अभ्यासक्रम, निष्ठा प्रशिक्षणाचे तास, यांचा उपयोग तेवढाच, जेवढे ते या तीन जागांपर्यंत पोचतात.

चौथा मुद्दा आपला. बीडचा.

दिवाळी सरली की आपल्या गावांतून ऊसतोडीला ट्रक आणि ट्रॅक्टर निघतात. आई-वडिलांबरोबर लेकरे जातात. काही हंगामी वसतिगृहात राहतात, काही आजीपाशी, पुष्कळशी फडावर. उन्हाळ्याच्या तोंडाला परत येतात तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो. तंत्रज्ञानाचे सगळ्यात मोठे काम कुठे असेल तर ते इथे आहे. हे मूल नेमके कुठे थांबले, याची नोंद त्याच्यासोबत दुसऱ्या जिल्ह्यातल्या शाळेत जाईल का? संध्याकाळी फडावर वडील फोन चार्जिंगला लावतात, तेवढ्यात ऐकता येईल असा त्याच्या गुरुजींच्या आवाजातला पाच मिनिटांचा पाठ पाठवता येईल का? परत आल्यावर त्याला त्याच्या पायरीवरून पुढे नेता येईल का? ही साधने बाहेरून कोणी करून देणार नाही. परितेवाडीच्या मुलींची अडचण परितेवाडीच्या गुरुजींना कळली, तशी फडावरच्या लेकराची अडचण पाटोदा, शिरूर, वडवणी, धारूरच्या शिक्षकांनाच कळते.

पण त्या शिक्षकाचा फोन आज कशात गुंतलेला आहे? माहिती भरण्यात. आज ही लिंक, उद्या ती लिंक. पोषण आहार, हजेरी, यू-डायस आणि सरल पोर्टलवरची माहिती. आपला शिक्षक तंत्रज्ञान वापरत नाही असे कोणी म्हणू नये. तो दिवसभर वापरतो. फक्त ते मुलासाठी वापरायला त्याच्याकडे वेळ उरत नाही. ज्या बोटाने नकाशा फिरवायचा, ते बोट तक्ते भरण्यात झिजते आहे. याची तक्रार करून थांबू नये, यावर निर्णय झाला पाहिजे.

आता कृत्रिम बुद्धिमत्ता आली आहे. प्रश्नपत्रिका क्षणात, टाचण क्षणात. घाबरू नका आणि भुलूही नका. या नव्या साधनालाही तोच प्रश्न विचारा, जो आपण रेडिओला विचारायला हवा होता : माझ्या वर्गातले मूल जिथे अडले आहे, तिथे तू काय करशील? टाचण यंत्राने लिहिले, तरी मूल कुठे चुकते हे शिक्षकालाच माहीत असावे लागते.

आता समारोप करते, आणि समारोपात प्रत्येकाकडे काही मागते.

केंद्रप्रमुख आणि अधिकारी मंडळींकडे मागते, की दर महिन्याच्या शिक्षण परिषदेतला एक तास सूचनांपासून मोकळा करा. जपानमध्ये शंभरहून अधिक वर्षे शिक्षक मिळून एक पाठ आखतात, एकजण तो मुलांसमोर घेतो, बाकीचे बघतात, आणि मग पाठावर बोलतात, माणसावर बोलत नाहीत. आपल्या केंद्रात हे करायला पैसे लागत नाहीत. अंबाजोगाईच्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने अशा पाठांच्या नोंदी जपाव्यात, म्हणजे आष्टीतला पाठ परळीला कळेल.

मुख्याध्यापकांकडे मागते, की साधन कपाटातून बाहेर काढा. वापरताना बिघडले तर भरपाई शिक्षकाकडून नाही, हे उघड सांगा. भरपाईची भीती असेल तिथे कोणी काही शिकत नाही.

ग्रामस्थांकडे मागते, की लोकवर्गणीतून टीव्ही देता तेव्हा पुढच्या वर्षाचे वीजबिल आणि दुरुस्तीही मनात धरा. आणि शाळेत आलात की किती टॅब आहेत हे विचारू नका. मुलांना त्यावर काय कळले, ते मुलांनाच विचारा.

आणि शिक्षक बंधू-भगिनींनो, तुमच्याकडे मी एकच गोष्ट मागते. वर्षभरात तुमच्या वर्गात मुले हमखास अडतात असा एक पाठ निवडा. एकच. त्या पाठासाठी एक साधन शोधा. शेजारच्या शाळेतल्या एका सोबत्याला तो पाठ बघायला बोलवा, आणि त्याचा पाठ बघायला तुम्ही जा. या सभागृहातल्या प्रत्येकाने असा एक पाठ उभा केला, तर वर्षाअखेरीस या जिल्ह्याकडे स्वतःच्या मातीतल्या, स्वतःच्या मुलांवर पारखलेल्या पाठांचे असे भांडार असेल, की ते बघायला राज्यातले शिक्षक बीडला येतील. आपण कुमठ्याला गेलो, पष्टेपाड्याला गेलो. आता त्यांनी आपल्याकडे यावे, एवढी ताकद आपल्या शिक्षकांत आहे याची मला खात्री आहे. तेव्हा घरी निघण्यापूर्वी आपल्या केंद्रातल्या सोबत्यांना गाठा, आणि येत्या शिक्षण परिषदेत कोणाच्या वर्गात, कोणता पाठ, हे ठरवूनच निघा.